पहिला दौरा: पाऊण तास मंचावर, बाकी दिवस व्हॅनमध्ये

खर्जातली

आमच्या बँडचा पहिला दौरा आटोपून थोडेच दिवस झालेत. पाठीशी कंपनी नाही, मॅनेजर नाही, सामान उचलायला माणूस नाही. आम्ही पाच जण, एक भाड्याची व्हॅन आणि ईमेलमागून ईमेल पाठवून पदरात पडलेल्या तारखा, एवढ्या भांडवलावर निघालो होतो. मी बेस वाजवते. तारखा लावायचं कामही माझ्याच गळ्यात आहे.

आल्यापासून जो भेटतो तो मंचाबद्दल विचारतो. गर्दी किती होती, कोणतं गाणं चाललं, कुणी पुन्हा म्हणायला लावलं का. त्यावर सांगण्यासारखं फारसं नाही, कारण वाजवायला आम्हाला येत होतं. त्यासाठीच तर इतकी वर्षं बंद खोलीत घासत होतो. दिवसाचे उरलेले सव्वातेवीस तास कसे काढायचे, याची तालीम मात्र कुणीच केलेली नसते. हा धागा त्या तासांसाठी.

दिवस साधारण असा जातो. कुणाच्या तरी घरात जमिनीवर पसरलेलं अंथरूण गुंडाळायचं आणि गाडीत बसायचं. दुपारी चारच्या सुमारास जागेवर पोचून सामान उतरवायचं. मग वाट बघायची. मुख्य बँडचा साउंडचेक (कार्यक्रमाआधीची आवाजाची तपासणी) आधी असतो, तो लांबतो, आणि आपल्या वाट्याला दहा मिनिटं उरतात. मग दारं उघडेपर्यंत वाट, आपली पाळी येईपर्यंत वाट. पाऊण तास वाजवायचं. लगेच मंच रिकामा करायचा, कारण पुढचे लोक गिटार गळ्यात अडकवून कडेला उभेच असतात. घामेजलेल्या अंगानं टी-शर्टच्या टेबलामागे उभं राहायचं. शेवटचा माणूस गेला की आयोजकाबरोबर हिशोब, आणि मग तेच सामान पुन्हा गाडीत. एव्हाना मध्यरात्र उलटलेली असते. अंग मोडून आलेलं असतं आणि डोकं मात्र टक्क जागं.

आता माझा मुद्दा. यावरून आमच्यात कडाक्याचं भांडण झालंय, इथेही झालं तर हरकत नाही. दौरा आखताना आधी झोप लावायची, मग कार्यक्रम.

नवख्या बँडला तारखा मिळतात त्या जागा जशा हो म्हणतील तशा. त्यामुळे नकाशावर रेघ सरळ जात नाही, पुढे-मागे उड्या मारते. आमच्या गिटारवाल्याचं म्हणणं असं की कार्यक्रम संपला की लगेच निघावं. रस्ते मोकळे असतात, मुक्कामाचा खर्च वाचतो, सकाळी पुढच्या गावात हजर. कागदावर चोख हिशोब आहे. पण गाडी कागद चालवत नाही. दुपारपासून ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करणारा जड डबा) उचलणारा, वाजवणारा, लोकांशी हसून बोलणारा माणूस त्या वेळी स्टीअरिंगवर असतो. मी नियम मांडला, की जो त्या रात्री वाजवतो तो त्या रात्री लांबची गाडी चालवणार नाही. वाजवणारे पाचही जण, तेव्हा त्याचा अर्थ सगळ्यांना लगेच कळला. त्या नियमापायी दौऱ्याच्या मधोमध एक चांगली तारीख सोडावी लागली. त्यानंतर काही दिवस गिटारवाला माझ्याशी फक्त कॉर्डपुरतं बोलत होता. तरीही तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

गाडीतले बाकीचे नियम आपोआप तयार झाले. चालवणाऱ्याच्या शेजारी बसेल त्यानं झोपायचं नाही. रस्ता बघणं आणि चालवणाऱ्याशी बोलत राहणं ही त्याची ड्यूटी. गाणी कोणती लावायची ते चालवणारा ठरवणार. जागा रोज बदलायच्या, कारण मागच्या बाकावरच्या मधल्या जागेत एकच माणूस रोज बसला तर बँड फुटतो (हसू नका, फुटत आला होता). आणि दुपारी एक तास कुणी कुणाशी बोलायचं नाही. हा शेवटचा नियम आमच्या कीबोर्डवालीचा. पहिल्यांदा तिची टिंगल झाली, नंतर सगळेच घड्याळाकडे बघून तो तास कधी सुरू होतो याची वाट बघायला लागले.

बुटांच्या वासावर वेगळा धागा काढता येईल.

दौरे केलेल्यांनी लिहा, निघणाऱ्यांनी विचारा.

तालचोर

मस्त धागा. ड्रमरची बाजू मांडतो, कारण व्हॅनमधली अर्धी जागा आम्हीच खातो म्हणून शिव्याही आम्हालाच.

पहिली गोष्ट, ड्रमसेट सगळा नेऊ नका. एका रात्री तीन-चार बँड असतील तर आयोजकांशी आधीच बोलून एकच सेट सगळ्यांनी वापरायचा. स्वतःचं न्यायचं ते स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम), झांजा, किक पेडल (बास ड्रमला पायानं ठोका देणारं) आणि बसायचं स्टूल. फुटणारं आणि सवयीचं तेवढं आपलं, बाकी सामायिक. सोबत एक जाड सतरंजी हवी, नाहीतर बास ड्रम गाणंभर पुढे सरकत राहतो. तिच्यावर प्रत्येक स्टँडच्या पायाची जागा रंगीत टेपनं आखून ठेवा. अंधारात, घाईत, दुसऱ्याच्या मंचावर मांडामांड निम्म्या वेळात होते. टेप मात्र कापडी गॅफर टेपच. साधी चंदेरी टेप काढली की चिकटा मागे ठेवते आणि जागेचा मालक तुम्हाला विसरत नाही.

दुसरी, सामान भरायचा क्रम. तो रोज तोच असायला हवा आणि भरणारा माणूसही तोच. बाकीच्यांनी फक्त आणून द्यायचं, सल्ले द्यायचे नाहीत. जड ते खाली आणि पुढे, सीटच्या पाठीला टेकून. डोक्याच्या उंचीवर मोकळं काहीही नको. जोरात ब्रेक लागला तर ॲम्प थांबत नाही, तो पुढे येतो.

क्रम रोज तोच असला की काय राहिलं ते मोजावं लागत नाही. रिकामी जागा दिसतेच.

खवचट_खार

वाचतोय. पण हा दौरा आहे की शाळेची सहल तेच कळेना. झोपेचं वेळापत्रक, मौनाचा तास, जागांची पाळी!

बीटल्स १९६० साली हॅम्बुर्गला गेले तेव्हा बांबी नावाच्या सिनेमागृहात पडद्यामागच्या अंधाऱ्या खोलीत, संडासाला लागून झोपायचे आणि रात्ररात्र वाजवायचे. त्यातूनच ते घडले. हाल सोसल्याशिवाय बँड तयार होत नाही हो.

खर्जातली

खारराव, हॅम्बुर्गचं उदाहरण दौऱ्याचं नाहीच. ते महिनोन्महिने एकाच शहरात, एकाच मालकाकडे होते. आधी इंद्रा क्लब, मग कायझरकेलर, आणि तो सिनेमाही त्याच मालकाचा. मंचापासून अंथरुणापर्यंत चालत जाता यायचं. वाजवून झाल्यावर कुणाला गाडी हाकायची नव्हती. रोज त्याच ठिकाणी तासन्‌तास वाजवून हात तयार होतो, हे तुमचं म्हणणं मान्य. पण ते वाजवण्याचे कष्ट झाले. मी रस्त्याबद्दल बोलतेय.

रस्त्याचीच उदाहरणं हवी असतील तर मिनटमेन घ्या. कॅलिफोर्नियातला तिघांचा बँड. स्वतः गाडी चालवायची, स्वतः सामान उचलायचं, कमीत कमी खर्चात राहायचं, या पद्धतीसाठी आजही त्यांचंच नाव घेतात. त्यांचा गिटारवादक डी. बून २२ डिसेंबर १९८५ रोजी ॲरिझोनात व्हॅनच्या अपघातात गेला. आजारी होता म्हणून मागे आडवा झाला होता, सीटचा पट्टा नव्हता, बाहेर फेकला गेला. वय २७. एक्सप्लोडिंग हार्ट्स हा पोर्टलंडचा बँड, पहिल्याच अल्बमचं कौतुक सुरू होतं. २० जुलै २००३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून घरी परतताना ऑरेगनमध्ये व्हॅन उलटली, चौघांतले तिघे गेले. व्हायोला बीच हे इंग्लंडमधले चौघे स्वीडनमध्ये एक कार्यक्रम करून निघाले आणि १३ फेब्रुवारी २०१६ रोजी रात्री दोनच्या सुमारास उघडलेल्या पुलावरून मॅनेजरसह गाडीसकट खाली गेले.

प्रत्येकाचं कारण झोपच होतं असं मी म्हणत नाही. पण रात्री, दमून, अनोळखी रस्त्यावर हे तीन धोके एकत्र यावेत अशीच आखणी आपण करतो आणि वर त्याला रॉक अँड रोल म्हणतो, हे मला पटत नाही.

रात्रपाळी

मी वादक नाही. लांब पल्ल्याच्या गाड्या चालवतो, म्हणून राहवेना.

खर्जातली यांना शंभर टक्के पाठिंबा. सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाची हालचाल आणि लक्ष रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकं मंदावतं, असा अभ्यास १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये आला होता. अनेक देशांत एवढ्या दारूला परवाना जातो. आता हिशोब करा. सकाळी आठला उठलेला तुमचा गिटारवाला रात्री एक वाजता १७ तास पुरे करतो. त्याच वेळी तुम्ही त्याच्या हातात किल्ली देता.

युरोपात ट्रक आणि बसच्या चालकांना साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं थांबणं सक्तीचं आहे आणि दिवसाला ९ तासांची मर्यादा आहे, आठवड्यातून दोनदा १० चालतात. हे रोज तेच काम करणाऱ्या, पगारी, सरावलेल्या माणसांसाठी. लहान व्हॅनवाल्या बँडला असं कुणी विचारत नाही, म्हणून बँड चौदा-चौदा तास हाकतात.

खिडकी उघडून किंवा गाणी मोठ्यानं लावून झोप जात नाही. डोळे जड झाले की सुरक्षित जागी थांबा, कॉफी घ्या आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटा. कॉफी चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो, उठता तेव्हा दोन्हीचा फायदा मिळतो. हाही तात्पुरताच इलाज. ताशी १०० किलोमीटर वेगानं तीन सेकंद डुलकी लागली तर गाडी ८० मीटरहून जास्त अंतर कुणीही न चालवता जाते.

खवचट_खार

एक वाजताचा हिशोब पटला. गप्प बसतो. (फार वेळ नाही.)

केबलवाली

मी मिक्सरच्या पलीकडची, म्हणजे ज्या साउंड इंजिनिअरची वाट बघत तुम्ही बसता ती. आमचीही बाजू ऐका.

एका छोट्या जागेत एका संध्याकाळी चार बँड येतात. त्यातले तीन जण दारात उभे राहून सांगतात की आम्हाला जास्त काही लागत नाही. मग कळतं की गायक तीन, कीबोर्ड स्टिरिओ, लॅपटॉपवरून ट्रॅक आणि वर एक व्हायोलिन. तुमची ती दहा मिनिटं इथेच जातात. आठवडाभर आधी एक पान पाठवा. मंचावर कोण कुठे उभा राहतो त्याचं चित्र, आणि खाली क्रमानं यादी: चॅनल १ किक, २ स्नेअर, असं शेवटपर्यंत, प्रत्येकापुढे माइक की डीआय बॉक्स (वाद्याचा आवाज तारेनं थेट मिक्सरला देणारी डबी) ते. चित्र हातानं काढलेलं चालतं. सहा पानांचा करारनामा कुणी वाचत नाही, एक पान सगळे वाचतात.

मॉनिटरमध्ये (मंचावर वादकांना स्वतःचं ऐकवणारा स्पीकर) 'सगळं थोडं थोडं वाढवा' असं सांगू नका. वाजवायला काय ऐकू आलंच पाहिजे ते सांगा. आणि सर्वांनी आपापल्या ॲम्पचा आवाज तालमीच्या खोलीतल्यापेक्षा कमी ठेवा. लहान जागेत गिटारचा ॲम्प गायकाच्या माइकमधूनच जास्त ऐकू येतो, मग माझ्या हातात काही उरत नाही.

आता गंभीर गोष्ट. अनोळखी जागेची वायरिंग कशी असेल सांगता येत नाही. ॲम्पमधून घुंई असा आवाज यायला लागला की काही शहाणे प्लगची अर्थिंगची पिन तोडतात किंवा झाकतात. असं कधीही करू नका. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी ३ मे १९७२ रोजी स्वान्सीत मंचावरच गेला. अर्थिंग नसलेल्या माइकला त्यानं हात लावला होता. घुंई घालवायला डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं. ते आवाजाच्या केबलची जमीन तोडतं, विजेची अर्थिंग तशीच राहते. आणि ओठांना माइकचा झटका लागला तर 'चालतं हो' म्हणून गाणं पुढे रेटायचं नाही. थांबायचं.

तालचोर

केबलवाली, कानांचंही सांगा ना. माझ्या उजव्या कानात शिट्टी वाजते ती आता सकाळपर्यंत राहते.

केबलवाली

मग आधी कानाच्या डॉक्टरकडे जा, धाग्यावर नंतर या.

अमेरिकेतल्या निऑश या कामगारांच्या आरोग्य-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेची शिफारस आहे ८५ डेसिबलला दिवसाला ८ तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २, आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. लहान जागेत झांजांशेजारी बसलेला ड्रमर १०० सहज ओलांडतो. त्यात तुम्ही आधीच्या आणि नंतरच्या बँडलाही उभं राहून ऐकता आणि दिवसभर व्हॅनची घरघर असतेच. फोमचे बोळे उंच सूर जास्त कापतात, म्हणून वादकांना ते आवडत नाहीत. सगळे सूर सारखे कमी करणारे वादकांचे इअरप्लग मिळतात. ते घ्या आणि दुसऱ्या बँडच्या वेळी तर नक्की घाला.

षड्ज_हरवला

गायक आहे. पहिल्या दौऱ्यात आठवडा संपायच्या आत आवाज बसला. सगळ्यांनी मंचावरच्या किंचाळण्याला दोष दिला. माझी शिक्षिका म्हणाली, गाडीत किती बोलतोस?

तेच होतं. भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवून बोलतो. याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. इंजिनाची घरघर, उघडी खिडकी, गाणी चालू, आणि मागच्या बाकावरच्या माणसाला उत्तर द्यायचं. असं रोज पाच-सहा तास. वर कार्यक्रमानंतर टेबलाशी उभं राहून हॉलमधल्या संगीतावर ओरडून गप्पा. मंचावरचा पाऊण तास त्यापुढे काहीच नाही. तिथे निदान श्वास नीट घेतो, मॉनिटर असतो, गळा गरम केलेला असतो.

तेव्हा त्या मौनाच्या तासाला माझ्याकडून +१. मी तो दोन तासांचा करीन. आणि कुजबुजून बोलणं म्हणजे विश्रांती नव्हे, त्यातही घशावर ताण येऊ शकतो. बोलायचं तर हळू, साध्या आवाजात. नाहीतर फोनवर लिहून दाखवा.

वहीखाते

पैशांबद्दल अजून कुणी बोललं नाही. बँड झोपेवरून भांडतात, तुटतात मात्र पैशांवरून.

निघण्याआधी प्रत्येकानं सारखी रक्कम टाकून एक गल्ला करा. इंधन, भाडं, मुक्काम, तारा, बॅटऱ्या, सगळं त्यातून. वैयक्तिक खर्च आपापला. आलेला प्रत्येक पैसा आधी गल्ल्यात, वाटणी शेवटी. रोज रात्री झोपण्याआधी आकडा सगळ्यांना दिसेल असा ग्रुपवर टाका, दहा ओळींचा हिशोब पुरे. एकाच माणसाला आकडा माहीत असला की तो कितीही प्रामाणिक असो, मागच्या बाकावर कुजबुज सुरू होते.

आयोजकाशी काय ठरलंय ते लेखी हवं, ईमेल चालेल. ठरलेली रक्कम, की तिकिटांतला वाटा, की दोन्हींपैकी जे जास्त ते? वाटा असेल तर तो खर्च वजा करून की आधी? खर्चात काय काय धरलंय? हे प्रश्न रात्री एक वाजता दमलेल्या अंगानं विचारता येत नाहीत, म्हणून दुपारी चारला, सामान उतरवतानाच हसतमुखानं विचारून घ्यायचे. विचारणारा माणूस ठरलेला असावा आणि तो गायक नसावा. गायकाला सगळ्यांना आवडायचं असतं.

खरी कमाई बऱ्याचदा टेबलावर होते. टी-शर्ट दार उघडण्याआधी मोजा, संपल्यावर मोजा. टेबलावर माणूस सतत हवा, उजेड हवा, किमती मोठ्या अक्षरांत हव्यात. विचारावं लागलं की निम्मे लोक निघून जातात. जागेचा मालक विक्रीतला वाटा मागतो का, तेही आधीच विचारा.

तिकीट स्वस्त ठेवूनही दौरे करता येतात. फुगाझी हा वॉशिंग्टनचा बँड वर्षानुवर्षं पाच डॉलरच्या आसपासच तिकीट ठेवायचा आणि कार्यक्रम सर्व वयांच्या लोकांसाठी खुला असेल असा आग्रह धरायचा. जमलं, कारण बाकी खर्चावर त्यांची तितकीच घट्ट मूठ होती.

अवांतर: गाणी स्वतःची असतील आणि तुमचे हक्क गाण्यांचं मानधन गोळा करणाऱ्या एखाद्या संस्थेकडे नोंदलेले असतील, तर कुठे कोणती गाणी वाजवली त्याची यादी तिथे भरा. बरेच बँड भरत नाहीत. हे हक्क आले कुठून त्याचा किस्सा मोठा गमतीचा. १८४७ मध्ये पॅरिसच्या एका कॅफेत अर्नेस्त बुर्जे या गीतकारानं, तुम्ही माझी गाणी फुकट वाजवता मग मीही बिल देणार नाही, असं म्हणून वाद घातला. प्रकरण कोर्टात गेलं, तो जिंकला आणि त्यातूनच पुढे १८५१ मध्ये सासेम ही संस्था उभी राहिली.

घरून

मी वाजवत नाही. माझा नवरा वाजवतो. या धाग्यावर घरच्यांबद्दल एकही ओळ नाही म्हणून लिहितेय.

तुमचा मोकळा वेळ आणि आमचा मोकळा वेळ कधीच जुळत नाही. आम्ही संध्याकाळी घरी येतो तेव्हा तुमचा साउंडचेक. तुम्ही रात्री फुललेल्या आवाजात फोन करता तेव्हा आम्हाला सकाळी लवकर उठायचं असतं. आणि फोनवर मागे चार माणसं हसत असतात, त्यामुळे धड काही बोलता येत नाही. आम्ही शेवटी सकाळचा फोन ठरवला. गाडीत बसण्याआधी, गाडीपासून लांब चालत जाऊन, दहा मिनिटं. रात्री फक्त 'पोचलो' एवढा निरोप. तो निरोप मात्र चुकता कामा नये.

परत आल्यावरचे पहिले काही दिवस माणूस घरात असून नसतो. सामान हॉलमध्ये, दुपारी चार वाजले की उगाच अस्वस्थ. पहिल्यांदा मला वाटलं माझ्यावर राग आहे.

खर्जातली

घरून, हे वाचून मी आमच्या ग्रुपवर टाकलं. गिटारवाल्याच्या बायकोनं त्यावर अंगठा दिलाय, बाकी शांतता आहे.

परत आल्यावरचं खरं आहे. रोज काय करायचं ते कुणीतरी कागदावर लिहून ठेवलेलं असतं, आणि मग एक दिवस तो कागदच नसतो.

खवचट_खार

परत आलो. रिकाम्या हॉलबद्दल कुणी लिहील म्हणून थांबलो होतो. आमचा बँड बंद पडून जमाना झाला, पण त्या बाबतीत माझा अभ्यास दांडगा आहे.

द पोलिस हा इंग्लंडचा बँड. ते १९७८ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांना तिथे फारसं कुणी ओळखत नव्हतं. स्वस्त विमान आणि मग व्हॅन. पकीप्सीतल्या एका रात्री समोर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं होती. तरी त्यांनी कार्यक्रम पुरा केला.

आमच्यासमोर एकदा बारमधला माणूस, दारावरचा माणूस आणि आमच्या आधी वाजवलेला बँड एवढेच होते. आमच्या गायकानं गाणी निम्मी केली आणि मंचावरून गर्दीच्या नावानं कुरकुर केली. म्हणजे जी माणसं आली होती त्यांनाच न आलेल्यांबद्दल शिव्या! त्या दुसऱ्या बँडनं नंतर पुढच्या गावी आम्हाला मुक्कामाला जागा देऊ केली होती, ती काही मिळाली नाही. समोर चार जण असले तर मंचावरून खाली उतरून त्यांच्यासमोर वाजवा, पण पूर्ण वाजवा.

तालचोर

कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. आणि चोरीबद्दल राहिलं म्हणून लिहितो.

सोनिक यूथ या अमेरिकन बँडचा वाद्यांनी भरलेला ट्रक जुलै १९९९ मध्ये कॅलिफोर्नियात चोरीला गेला. त्यांच्या गिटार गाण्यागणिक वेगळ्या लावलेल्या, आतून बदललेल्या. दुकानातून दुसरी आणून भागण्यातलं काम नव्हतं. काही वाद्यं कित्येक वर्षांनी सापडली.

गाडी लावताना मागचं दार भिंतीला चिकटवून लावा, म्हणजे उघडताच येणार नाही. निदान गिटार आणि लॅपटॉप रात्री खोलीत घ्या. गाडीवर बँडचं स्टिकर नको, ती चोरांसाठी पाटी होते. प्रत्येक वाद्याचा फोटो आणि सिरियल नंबर फोनमध्ये असू द्या. तसंही उन्हात बंद गाडीत लाकडी वाद्य ठेवायचं नसतंच, डिंक मऊ पडून ब्रिज (तारा अडकवायची पट्टी) उचलला जातो.

नवखा_नगारा

सगळं वाचून काढलं, धन्यवाद. आम्ही तिघं निघणार आहोत आणि मधे एक सरहद्द ओलांडायची आहे. वाद्यं आपलीच असली तरी कागद लागतात का? टी-शर्टही नेणार आहोत.

वहीखाते

देशानुसार नियम वेगळे आहेत, त्यामुळे दोन्हीकडच्या सीमाशुल्क कार्यालयांच्या संकेतस्थळांवर आधी बघा. बऱ्याच देशांत एटीए कार्ने नावाची कागदपत्रांची पुस्तिका चालते. सामान तात्पुरतं आत नेतोय, विकणार नाही, परत आणणार, याची ती हमी असते. १९६१ च्या करारातून ही पद्धत आली. साधारणपणे व्यापारी मंडळं ती देतात, जास्तीत जास्त एक वर्ष चालते आणि मोबदल्यात तारण ठेवावं लागतं. प्रत्येक वस्तू सिरियल नंबर आणि किमतीसह यादीत लिहायची. जाताना-येताना दोन्हीकडे शिक्के मारून घ्यायचे. एखादा शिक्का राहिला तर सामान परत आणलंच नाही असं धरून नंतर शुल्काची मागणी येते. रांगेतल्या अधिकाऱ्यानं घाईत 'जा पुढे' म्हटलं तरी थांबून शिक्का मागा.

टी-शर्ट यात बसत नाहीत, कारण ते विकायला नेताय. त्यांची वेगळी घोषणा करून शुल्क भरावं लागतं. काही बँड माल पुढच्या देशातच छापून घेतात.

केबलवाली

यात एक भर. गिटार जुनी असेल तर लाकूड कोणतं ते बघा. रोझवुडच्या जवळपास सगळ्या जातींवर २०१७ पासून साइट्स या दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आले. तयार वाद्यांना २०१९ च्या शेवटी त्यातून सूट मिळाली, पण ब्राझिलियन रोझवुडला मिळाली नाही. ते १९९२ पासून सर्वात कडक यादीत आहे. आजोबांच्या काळातली भारी गिटार असेल आणि फिंगरबोर्ड (तारा दाबायची पट्टी) त्या लाकडाचा असण्याची शंका असेल, तर ती घरी ठेवा आणि दौऱ्याला साधी न्या. साधी गिटार सरहद्दीवर अडकत नाही आणि मंचावर पडली तरी कुणी रडत नाही.

नवखा_नगारा

आमच्या गिटारवाल्याला हे कोण सांगणार?

खर्जातली

पुढच्या सीटवर ज्याची ड्यूटी असेल तो.